क्षीरसागर सरांचे चार बेड

क्षीरसागर सर आमच्या शेडनेटमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आमचं सगळ्यात चांगलं झाड उपटलं.

मी त्यांना आजारी झाडं दाखवायला कोपऱ्यात घेऊन चालले होते. पिवळी पडलेली, शेंडा आखडलेली आठ-दहा झाडं होती. सर माझ्या मागून येताहेत असं समजून मी बोलत होते. मागे वळून बघते तर ते तिसऱ्या बेडपाशी थांबलेले. बेड म्हणजे मातीचे उंच वाफे, त्यांच्यावर आम्ही ढोबळी मिरची लावतो. त्या बेडवरचं कमरेएवढं, काळ्याभोर पानांचं झाड त्यांनी दोन्ही हातांनी बुडाशी धरलं आणि ओढलं. आधाराच्या दोऱ्या तुटल्या, झाड बाहेर आलं.

"सर, बारा फळं होती त्याच्यावर," मी म्हणाले.

"अकरा," ते मुळांवरची माती झटकत म्हणाले. "एकाला खालून डाग पडलाय. ते तुम्ही विकणार नाही."

मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मुळं डोळ्यांजवळ नेली, हुंगली, नखाने खरवडली आणि माझ्यापुढे धरली. पांढऱ्या मुळ्या मोजक्या, बाकी सगळ्या तांबूस आणि गाठी आलेल्या. "आजारी झाड काय झालं ते सांगतं," ते म्हणाले. "काय होणार आहे ते चांगल्या झाडाला विचारायचं. हे अजून दोन तोड्यांनी त्या कोपऱ्यात जाऊन बसणार."

दोन तोड्यांनी, म्हणजे दोनदा फळं काढून झाल्यावर, तो अख्खा बेड कोपऱ्यातल्या झाडांसारखा झाला. मला त्यांचा रागच आला. चुकले असते तर निदान झाडाची भरपाई मागता आली असती.

सुप्याच्या रस्त्यापासून थोडं आत आमची जमीन आहे. नवरा तिथल्या एका कारखान्यात पाळीने जातो, वीस गुंठ्यांचं हिरव्या जाळीचं शेडनेट मी बघते. सर राहायचे भिंगारला, दोन खोल्यांत. शेतीच्या पदविकेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं माती हा विषय शिकवला आणि निवृत्त झाल्यावर एसटीने हिंडून तोच विषय शिकवत राहिले, फरक इतकाच की आता हजेरी नव्हती. फी घेत नसत. कापडी पिशवीत एक खुरपं, एक भिंग, पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र आणि स्टीलचा पेला. घराणं भिक्षुकीचं. "वडील लोकांच्या घरी जाऊन पूजा सांगायचे," ते म्हणत. "लोक ऐकायचे तरी."

ते आमच्याकडे आले ते व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. आमचा ढोबळीवाल्यांचा एक ग्रुप आहे. सकाळी सहापासून त्यावर पानांचे फोटो पडायला लागतात. पिवळं पान, चुरगळलेलं पान, कडा करपलेलं पान, आणि खाली निदानं. एकदा मी एका पानाचा फोटो टाकला तर लोह, जस्त, मॅग्नेशियम, व्हायरस, कोळी कीड, जास्त पाणी, कमी पाणी आणि नजर, अशी आठ उत्तरं आली. नजर बापू शेळक्यांनी सांगितली होती. नववं उत्तर सरांचं. ते प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य लिहीत: "मूळ पाहिले का?" त्यावर कुणी काही लिहीत नसे. मूळ बघायचं तर झाड उपटावं लागतं, आणि फळावर आलेलं झाड आपल्या हाताने उपटणारा माणूस आमच्या ग्रुपात नव्हता. मीसुद्धा उपटलं नसतं. म्हणून मी त्यांनाच बोलावलं. उपटायला दुसरा माणूस असला की बरं असतं.

सगळा ग्रुप फवारणीवर जगायचा. खत जमिनीत दिलं तर कधी लागू होईल ते दिसत नाही. पानावर मारलं की चौथ्या दिवशी पान हिरवं होतं आणि माणसाला बरं वाटतं. दुकानदारालाही बरं वाटतं. सरांचं म्हणणं साधं होतं. "पान हे झाडाचं तोंड नाही, ते स्वयंपाकघर आहे. दार खाली आहे, मुळाशी. दाराशी तुम्ही दोन पिकांच्या खतांचं मीठ साठवून वाट बंद केलीत, आणि आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून धान्याची पोती आत ढकलताय. खिडकीतून काय देता येतं? चिमूटभर मीठ, हळद. लोह द्या, जस्त द्या, बोरॉन द्या. पोतं खिडकीतून जात नाही हो ताई."

फळाच्या बुडाला काळा डाग पडला की आम्ही सगळे कॅल्शियम आणून पानावर मारायचो. ते ऐकलं की सर कपाळाला हात लावत. "आपली जमीन चुनखडीची. कॅल्शियमवर उभी आहात तुम्ही. ते फळापर्यंत पोचत नाही कारण पाणी आज ढीगभर, उद्या नाही, आणि मातीत क्षार भरलेत. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, फळात उतरत नाही. तुम्ही सुप्याहून नगरला जायला पुण्याची एसटी पकडताय."

"पन यस्टी तर गावली ना सर," बापू शेळके म्हणाले. सर हसले नाहीत. बापू मात्र स्वतःच्या विनोदावर संध्याकाळपर्यंत हसत होते.

बापू आमच्या पलीकडच्या वाडीतले. एक एकराचं नेट, मोठा आवाज, मन साफ. सरांवर त्यांचा जीव होता, पण सल्ला म्हणजे हातात काहीतरी मिळालं पाहिजे अशी त्यांची समजूत. एकदा सरांनी त्यांच्या मातीतलं पाणी यंत्राने मोजलं आणि सांगितलं, "बापूराव, आठ दिवस काही देऊ नका. नुसतं स्वच्छ पाणी. साठलेलं मीठ खाली जाऊ द्या."

"आन् मंग आठ दिवस मी करू काय?"

"काही करू नका."

"असं कसं सर? घरचे इचारतील की, सरांनी काय दिलं. काय सांगू, काय न्हाई दिलं?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग वहीचं पान फाडून त्यांनी लिहून दिलं. सकाळी सातच्या आत ठिबक सुरू करायचं, चाळीस मिनिटं. मधे बंद करायचं नाही. नंतर वाफ्याच्या बुडातली ओली माती पेल्यात घ्यायची, तेवढंच पाणी घालायचं, ढवळायचं, निवळू द्यायचं, सर ठेवून जातील त्या यंत्राने मोजायचं, आकडा कळवायचा. बापूंनी आंघोळ करून आठ दिवस ते केलं. आकडा रोज उतरत गेला, झाडं सुधारली, आणि बापूंनी ग्रुपवर जाहीर केलं की सरांनी एक जबरदस्त कोर्स दिला, पण नाव सांगत नाहीत.

"तीस वर्षं विज्ञान शिकवलं," सर मला म्हणाले, "आणि शेवटी मुहूर्त काढून द्यावा लागला."

सर आले की आमच्याकडे जेवायचे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी ढोबळी मिरचीची भरली भाजी केली, कारण ढोबळीचे सर आले म्हणून. सरांनी खाल्ली. मग दर वेळी तीच भाजी. वर्षभराने मला कळलं की त्यांना ढोबळी मिरची आवडत नाही, पचतही नाही. ताटातली मिरची ते टोकाने उघडत, आतली गादी आणि बिया बाजूला काढून नीट बघत, जणू तपासणीला आलीय, आणि मग गिळत.

"मास्तर, अजून एक घ्या, लाजता काय!" सासूबाई म्हणायच्या.

"नको आजी, भरपूर झालं."

"अवो, आमच्याच न्हेटातली हाय. बिनविषाची."

बिनविषाची ती नव्हती हे सरांना माहीत होतं, आणि मला माहीत होतं. पण सासूबाईंशी वाद घालणं दोघांनाही जमणारं नव्हतं. मी सरांना म्हटलं, मी सांगते सासूबाईंना. तर म्हणाले, "राहू दे. एवढ्या आपुलकीने देतात. झाडंही असंच सोसतात."

फळं खुडण्यावरून मात्र ते कुणाचं ऐकत नसत. बहर जोरात लागला की झाडांच्या मधून चालत जायचे आणि बोलता बोलता अंगठ्याच्या नखाने लिंबाएवढी फळं खाली पाडायचे. बोलायचे भलतंच, नातीच्या शाळेबद्दल वगैरे, आणि खाली टपटप चालूच. आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या बायकांत हिराबाई म्होरकी. तिला ते बघवत नसे.

"सर, पाप लागंल तुमाला. लेकुरवाळं झाड हाय ते."

"हिराबाई, दहा लेकरं एकदम झाली तर आईच्या अंगावर काय राहतं?"

"आमच्या सासूला अकरा हुती. ठणठणीत हाय अजून."

सर माझ्याकडे वळले. त्यांनी मला समजावलं. फळं वाढायला लागली की झाडाची सगळी साखर ओढून घेतात. मुळाला काही उरत नाही, मूळ वाढायचं थांबतं, जमिनीत असलेलं खतही उचलत नाही. पान पिवळं पडतं. "फळ खातंय, मूळ उपाशी, आणि तुम्ही भरवताय पानाला," ते म्हणाले. "चार फळं आज सोडा, पुढच्या तोड्याला आठ घ्या." मी चार सोडत नव्हते. त्या दिवशीचा बाजार मला दिसत होता, पुढच्या तोड्याचा कुणाला दिसतो?

आता तिसऱ्या पिकाची गोष्ट. दोन पिकं त्याच बेडवर ओळीने झाली होती. सर म्हणाले, आता ढोबळी नको, एक हंगाम झेंडू लावा, मुळांना गाठी आणणाऱ्या किड्यांचा जोर कमी होईल. मी ऐकलं नाही. त्याला कारण होतं. माझा धाकटा दीर विलास, त्याला रस्त्याकडेची जमीन ट्रक लावायला भाड्याने द्यायची होती. सुप्याला कारखान्यांचे ट्रक रात्रंदिवस उभे असतात, जागा पुरत नाही. घरात बसून ठरलं होतं, यंदा ढोबळीने शेवटपर्यंत साथ दिली तर नेट राहील, नाही दिली तर पाइप काढून मुरूम टाकायचा. झेंडूवर मला ही लढाई लढायची नव्हती. मी तिसऱ्यांदा ढोबळी लावली.

सर रागावले नाहीत. त्यांनी चार बेड मागितले.

"सोळातले चार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी सांगतो तसं. मला एकदा पूर्ण ऐकणारं माणूस पाहिजे. सगळे अर्धं ऐकतात. अर्धं ऐकून बिघडलं की सरांचं चुकलं, आणि सुधारलं की दुकानदाराच्या बाटलीने सुधारलं. मला एकदा बघायचंय. सत्तरीच्या पुढे आलो ताई, अजून किती हंगाम मिळणार?"

त्यांची अट अशी, की चार बेडना ठिबकातून मोजकं खत, दर पंधरा दिवसांनी स्वच्छ पाण्याने धुणं, पहिल्या बहराची निम्मी फळं लहानपणीच काढायची, आणि पानावर खत म्हणून काहीही मारायचं नाही. किडीचं औषध चालेल. मी म्हटलं, तुम्हीच म्हणता ना, खिडकीतून मीठ-हळद चालते? ते म्हणाले, "चालते. पण खिडकीतून किती येतं हे कळायचं असेल तर एकदा खिडकी पूर्ण बंद करून बघावी लागते." बाकीच्या बारा बेडना मी नेहमीसारखी फवारणी करायची. चार बेड त्यांनी रस्त्याकडेचे निवडले, लोकांना दिसावेत म्हणून. तीच त्यांची चूक. शास्त्रातली नाही, माणसांतली.

डिसेंबरपर्यंत चारही बेड उत्तम होते. जानेवारीत थंडी पडली. आमच्याकडची थंडी कोरडी आणि सकाळी हाडात शिरणारी. थंड मातीत मूळ झोपतं, हे सरांनीच शिकवलेलं. बारा बेडना पानातून मिळत होतं, ते हिरवे राहिले. चार बेड शिरा हिरव्या आणि मधे पिवळे, असे झाले. रस्त्यावरून जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा.

नेमके त्याच वेळी सर पुण्याला मुलाकडे होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. रोज फोन करायचे. "पिवळे पडलेत? पडू द्या. हात लावू नका. मूळ जागं होईल."

"नाही सर, नाही लावत."

विलास एकदा गाडी लावून आत आला, चार बेडकडे बघून म्हणाला, "वहिनी, एवढी जागा तर मोकळी झालीच की. दोन ट्रक आरामात बसतील."

सासूबाई म्हणाल्या, "मास्तरानं काय उपासाला बसवलीत का गं झाडं?"

त्याच संध्याकाळी, तोडणीच्या बायका गेल्यावर, मी पाठीवर पंप घेतला. लोह, जस्त आणि थोडा युरिया. चारही बेड मारले. आठ दिवसांनी परत. आठ दिवसांनी परत. तिसऱ्या वेळेपर्यंत पानं काळीभोर झाली होती. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. जमीन वाचवायची होती, ती वाचत होती. सरांचा प्रयोग त्यापुढे मला फारच बारीक वाटला.

सर आले ते काळा चष्मा लावून. चार बेडपाशी उभे राहिले. एक झाड उपटलं. थंडी कमी झाली होती, मुळं पांढरीशुभ्र सुटली होती. सर क्रेटवर बसले.

"उठलं," ते म्हणाले. "एक फवारा नाही, तरी उठलं. बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मग त्यांनी वीस शेतकरी गोळा केले. माझ्या शेडनेटमध्ये उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण पुरावा हातात असल्यासारखे बोलले. दोन डोळे नवीन, आवाज नवीन. "एकसुद्धा फवारा नाही!" असं म्हणाले, तेव्हा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतत होते. मी चहाच ओतत राहिले. विलासही मागे उभा होता. त्यानंतर ट्रकचा विषय त्याने काढला नाही. पीक शेवटपर्यंत चाललं आणि नेट राहिलं. पुढच्या हंगामाला मी गुपचूप झेंडू लावला.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण बापू शेळक्यांनी सरांचं पहिल्यांदाच पूर्ण ऐकायचं ठरवलं. चार बेडवर नाही, अख्ख्या एकरावर. त्यांचा स्वभावच तसा. पुढच्या हंगामात त्यांनी फवारणी पार बंद केली, पंप स्वच्छ धुऊन माळ्यावर टाकला. ग्रुपवर लिहिलं, "बिनफवारा ढोबळी. सौजन्य क्षीरसागर सर." डिसेंबरपर्यंत ठीक. जानेवारीत थंडी पडली आणि अख्खं एकर पिवळं झालं. फुलं गळायला लागली. बापू खंबीर. "मूळ जागं व्हनार हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बायको बोलायची बंद झाली होती त्यांच्याशी.

सर एक दिवसाआड भिंगारहून यायला लागले. बापूंच्या नेटमध्ये झाडामागून झाड उपटायचे. माझ्याकडे यायचे, माझ्या बोअरचं पाणी पेल्यात घेऊन मोजायचे, बापूंच्या बोअरचं मोजायचे. फरक सापडत नव्हता. मागच्या वर्षीच्या तारखा विचारायचे, ठिबक किती मिनिटं, कुठल्या दिवशी. मी सांगायचे. सगळं खरं सांगायचे, एक सोडून.

एक दिवस ते ओट्यावर बसले आणि चष्म्याच्या काचा उपरण्याने पुसत म्हणाले, "ताई, मला वाटतं तेव्हा ऑपरेशन ताजं होतं. माझं बघण्यातच काही चुकलं असणार. पांढरं मूळ मला पांढरं दिसलं, पण ते होतं का तसं? तुम्ही तर बघितलं होतंत ना?"

माणसाने माझ्यावर शंका घ्यायची सोडून स्वतःच्या डोळ्यांवर घेतली. मी म्हटलं, "सर, डोळे ठीक आहेत तुमचे. मी फवारलं होतं. तुम्ही पुण्याला असताना."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी वाट बघत होते, आता काय बोलतात.

"काय मारलं?"

मी सांगितलं.

"पंपाला किती?"

तेही सांगितलं.

"किती वेळा? किती दिवसांच्या अंतराने? सकाळी की संध्याकाळी?"

"तीनदा. आठ-आठ दिवसांनी. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर."

"पानाच्या वरून?"

"वरून आणि खालूनही."

"शाबास," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना आठवलं की रागवायचं आहे. पण राग आलाच नाही, आलं हसू. "म्हणजे थंडीभर मूळ झोपलेलंच होतं! मी वर्षभर छाती पुढे काढून सांगतोय, मूळ उठलं, मूळ उठलं. अहो, तोवर पानाने घर चालवलं! खिडकीतून! बरोबर आहे. थंडीत तेवढंच उघडं असतं." ते उठले. "चला."

"कुठे?"

"बापूंकडे. अजून सगळं गेलेलं नाही. आणि ग्रुपवर टाका, सगळ्यांना बोलवा तिथे."

"सर, मी बापूभाऊंना फोन करून सांगते ना."

"वीस माणसांसमोर तुम्ही गप्प बसलात. वीस माणसांसमोर बोला."

खरं सांगते, मला वाटलं होतं मोठं माणूस आहे, म्हणेल, जाऊ दे ताई, माझंच चुकलं असं सांगतो मी. तसा एक शब्दही मी टाकून पाहिला. सर म्हणाले, "चूक तुमची आहे. ती मी का घेऊ? मला माझ्या आहेत."

संध्याकाळी चार वाजता बापूंच्या पिवळ्या एकरात पंधरा-सोळा माणसं जमली. मी उभी राहून सांगितलं. काय मारलं, किती, कधी, आणि मग गप्प का बसले. ट्रकचं आणि विलासचंही सांगितलं. बापू एका झाडाचं पिवळं पान हातात घेऊन त्याच्याकडेच बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "एक फोन करायला काय हुतं?"

मी म्हणाले, चुकलं भाऊ. त्यांनी मान हलवली आणि पान खिशात घातलं, का ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग मागून एकाचा आवाज आला, "म्हंजे फवारनी लागतीच की राव!"

सगळी सभा एकदम मोकळी झाली. मी इतका वेळ मान खाली घालून उभी होते, ती कुणाच्या लक्षातही राहिले नाही. वर्षभर ज्यांनी मनाविरुद्ध फवारणी कमी केली होती त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "मी म्हनलंच हुतं." "पान म्हंजे पान आसतंय." "ताई, पाकिटाचा फोटो टाका बरं ग्रुपला." "उन्हाळ्यात मारलं तर डब्बल रिझल्ट येईल का ओ?" मी अपराधी म्हणून उभी होते, आणि निघाले सल्लागार होऊन.

"अहो, ऐका!" सर मधोमध उभे राहून ओरडत होते. "तीन! फक्त तीन! तेही थंडीत! तेही मूळ बंद असताना! मूळ उठलं की बंद करायचं! पोतं खिडकीतून जात नाही!"

"व्हय सर, व्हय सर," म्हणत माणसं माझ्या फोनवरचा पाकिटाचा फोटो आपापल्या फोनमध्ये घेत होती.

बापूंनी दुसऱ्या दिवसापासून तीन फवारण्या केल्या, बरोबर आठ दिवसांच्या अंतराने. पहिला बहर गेला तो गेलाच, दुसरा सापडला. आम्ही बोलतो आता. पूर्वीसारखं नाही, पण बोलतो. ग्रुपवर बाकीच्यांनी तीनाचे सहा केले, सहाचे दहा, आणि उन्हाळ्यात पानं करपल्याचे फोटो टाकले. सरांनी ते पाहिले की नाही, मला माहीत नाही. त्या उन्हाळ्यात ते पुण्याला मुलाकडे कायमचे गेले आणि पावसाळ्यात तिकडेच वारले.

मला ते शेवटचे दिसले त्या सभेच्या संध्याकाळी. मी त्यांना स्कूटीवरून सुप्याच्या स्टँडवर सोडलं. नगरची एसटी लागलेलीच होती. पिशवी घेऊन चढले, खिडकीपाशी बसले आणि काच सरकवून मला काहीतरी सांगायला लागले. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येईना. मी कानामागे हात धरला. मग त्यांनी अख्खा हात खिडकीतून बाहेर काढला आणि तीन बोटं दाखवली.

"ओ बाबा, हात आत घ्या," कंडक्टर ओरडला.

त्यांनी हात आत घेतला. एसटी हलली, स्टँडबाहेर पडली, नगरच्या दिशेने वळली. वळल्यावर कंडक्टर पुढे तिकिटं फाडायला गेला असावा. कारण त्या खिडकीतून तो हात पुन्हा बाहेर आला, आणि दिसेनाशी होईपर्यंत बोटं तीनच होती.